रंगाखालचं काम

जुनी मोटरसायकल घेऊन पेंटरकडे गेलात की त्याचा पहिला प्रश्न असतो, "कधी पाहिजे?" उत्तर जपून द्यावं. 'पुढच्या रविवारी' म्हणालात, तर टाकीवरचा जुना रंग आहे तिथेच राहणार, फुगलेल्या पापुद्र्यावरून लांबी फिरणार, तिच्यावर प्रायमर, रंग आणि क्लिअर बसणार, आणि रविवारी गाडी लखलखीत होऊन दारात उभी राहणार. एखाददुसरा पावसाळा गेला की टाकीच्या खालच्या कडेला पहिला फोड दिसतो. यात पेंटरला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याची जागा अडते, मागे चार गाड्या थांबलेल्या असतात, आणि एक टाकी दिवसेंदिवस घासत बसण्याचे पैसे त्याला कुणी देत नाही. म्हणून माझं मत असं झालंय, की या कामात जे वेळ खातं ते घरी करावं आणि ज्याला यंत्रसामग्री लागते ते बाहेर द्यावं. आपल्याकडे कॉम्प्रेसर नसतो, रंगाची बंद खोली नसते, पण घाईही नसते.

उदाहरणाला जावा घेऊ. आयडियल जावा कंपनीच्या म्हैसूरच्या कारखान्यातून 1961 पासून या गाड्या निघू लागल्या. पुढे त्यांचं नाव येझदी झालं आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. आपल्याकडे अजूनही कितीतरी वाड्यांच्या बोळांत, गोठ्यांत आणि सोसायट्यांच्या जिन्याखाली त्या उभ्या आहेत. रंग शिकायला ही गाडी फार चांगली, कारण हिच्या अंगावर पत्राच पत्रा आहे: खोल मडगार्ड, दोन्ही बाजूंचे टूलबॉक्स, पूर्ण झाकलेली चेन, हेडलाइटचं घर. टाकीच्या दोन्ही गालांवर क्रोम आणि गुडघ्याचे रबर.

त्या रबरांपासूनच सुरुवात करावी. गाडी खोलताना रबर अलगद सोडवा आणि त्याखालच्या रंगाकडे नीट बघा. ऊन न लागलेला, कारखान्यातून आला तसाच मरून तिथे टिकून असतो. बाहेरचा लाल रंग उन्हानं इतका उतरलेला असतो की शेजारी शेजारी दोन गाड्यांचे तुकडे ठेवलेत असं वाटावं. टूलबॉक्सच्या आतली बाजू आणि हेडलाइटचं पोटही तपासा. रंग जुळवायला दुकानात जाल तेव्हा हाच नमुना न्या, आणि जुळला की नाही हे दुकानाबाहेर उन्हात येऊन ठरवा. ट्यूबलाइटखाली सारखे दिसणारे दोन लाल रंग उन्हात वेगळे निघतात. आणखी एक गोष्ट: आरसीवर गाडीच्या रंगाची नोंद असते. हौसेनं काळी जावा निळी करायची असेल तर आधी आरटीओची परवानगी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 2021 च्या नियमांनी 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर आणला. त्यासाठी चेसी, बॉडी आणि इंजिन मूळचं असावं लागतं, म्हणजे मडगार्ड कापून 'बॉबर' करण्याची सुरसुरी आली तर ती तिथेच दाबलेली बरी.

आता टाकी. पेट्रोलनं भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीनं भडकते, आणि नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत नेमकं तेवढंच मिश्रण सापडू शकतं. म्हणून टाकीला डाख लावणं, वेल्डिंग करणं हे घरी अजिबात नको. टाक्यांचं काम रोज करणाऱ्या माणसाकडेच ती द्या. टाकी गळत नसेल आणि फक्त आतून गंजली असेल तर घरी पुष्कळ करता येतं. कॉक आणि झाकण काढून ठेवा, साबणाच्या पाण्यानं टाकी पुनःपुन्हा विसळा, आणि लिटरला पन्नास ते शंभर ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून ती काठोकाठ भरा. एका दिवसात पाणी चहाच्या रंगाचं होतं. गंज उतरला की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा आणि लगेच ड्रायरनं वाळवा. लगेच म्हणजे लगेच. उघडा पडलेला ओला पत्रा मिनिटांत पुन्हा तांबूस होतो. वाळल्यावर आत टू-टी ऑइल फिरवा. टू-स्ट्रोक गाडीत ते पेट्रोलबरोबर जाणारच असतं, त्यामुळे नंतर धुऊन काढायची कटकट नाही. आत लायनर ओतायचं ठरवलंत तर ते इथेनॉल सहन करणारं आहे का, हे आधी विचारा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि काही जुन्या पद्धतीची लायनर त्यात सुटतात.

जुना रंग काढायला रिमूव्हर मिळतो. त्याच्या डब्यावर मिथिलीन क्लोराइड लिहिलं असेल तर तो उघड्या अंगणातच वापरायचा. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बंद जागेत तळाशी साचते. अमेरिकेत बाथटबचा रंग काढताना माणसं दगावल्यावर तिथे 2019 पासून त्याची घरगुती विक्री बंद झाली. आपल्याकडे ते काम बाथरूममध्ये करण्याचा मोह होतो, कारण नळ तिथेच असतो. त्यापेक्षा काचपेपर बरा, पण जुना रंग कोरडा घासू नका. त्या काळच्या लाल-पिवळ्या रंगांत शिशाची संयुगं सर्रास असत. पाणी घेऊन वॉटर पेपरनं घासा, गाळ पुसून गोळा करा, आणि लहान मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नका.

रंग निघाला की पत्र्याची खरी अवस्था कळते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. रंगाखाली तो वाढतो तेव्हा रंगाला वर उचलतो, आणि तोच तो फोड. वरचा फोड घासून रंग दिला तर गंज खाली तसाच असतो. तारेच्या ब्रशनं निघेल तेवढा काढायचा आणि खड्ड्यांत उरलेल्यावर कन्व्हर्टर लावायचा. कन्व्हर्टर दोन प्रकारचे: फॉस्फोरिक ॲसिडचा आणि टॅनिनचा. टॅनिनचा लावला की तांबूस गंज बघता बघता निळसर काळा पडतो. यात परकं काही नाही. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई आपल्याकडे पूर्वी घरोघर होत असे, तिच्यातही टॅनिन आणि लोह यांचीच गाठ पडते.

पोचे काढणं हा हाताचा भाग. मडगार्डच्या मागून हात जातो, त्यामुळे आतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हलक्या हातोडीनं कडेकडेनं आत येत ठोकता येतं. पोच्याच्या मध्यावर दणका दिला तर पत्रा ताणतो, आणि ताणलेला पत्रा बोटानं दाबला की टक्कन आत जातो, सोडला की टक्कन बाहेर येतो. त्याला मग कुणी वाली नाही. टाकीत हातच जात नाही, म्हणून तिच्यावरचे पोचे बाहेरून ओढणाऱ्या डेंटरकडे द्या. उथळ असतील तर लांबीनं भरा.

लांबीबद्दल मात्र थोडं भांडायला हवं. आपल्या गॅरेजांत लांबी पाण्यानं घासायची सवय आहे. धूळ उडत नाही, काम भराभर होतं. पण पॉलिस्टरच्या या लांबीत टाल्क असतो आणि ती पाणी पिते. ते पाणी वरून रंगानं बंद केलं जातं आणि खाली पत्र्याला भिडून बसतं. नव्या रंगावर फोड येण्याची बरीच कथा इथेच सुरू होते. तेव्हा लांबी कोरडीच घासा, मास्क लावून. त्याआधी उघड्या पत्र्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर ब्रशनं लावून घ्या. तो पाणी अडवतो. साधा प्रायमर अडवत नाही, म्हणून 'प्रायमर मारून ठेवलाय, रंग दिवाळीनंतर' अशा गाड्या दिवाळीला खालून गंजलेल्या निघतात. इपॉक्सी वाळला की त्याला पेपरचा हात मारून वर लांबी. हार्डनर साधारण दोन टक्के पुरे, जास्त घातला तर लांबी लवकर आवळते आणि पुढे तिचा डाग रंगातून वर येतो. जाडी दोन-तीन मिलिमीटरच्या आत ठेवा. पेपर 80 चा, मग 180, मग 320.

आणि आता मला या सगळ्यात सर्वांत आवडणारा टप्पा. लांबीवर सरफेसर बसला की सगळं करडं आणि गुळगुळीत दिसतं. डोळे इथे फसवतात. काळ्या रंगाच्या स्प्रेचा डबा लांब धरून त्या करड्यावर नुसता भुरका सोडायचा, काळे कण विखुरतील इतकाच. वाळला की जुन्या स्लिपरचा तुकडा 600 च्या वॉटर पेपरमध्ये गुंडाळायचा आणि साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून मडगार्डच्या लांबीच्या दिशेनं घासायचं. उंचवट्यावरचा काळा आधी जातो, मग सपाट भागावरचा. आणि जिथे पोचा राहिलाय असं तुम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं, तिथे नाण्याएवढा काळा डाग तसाच उरतो. पेपर त्याला शिवतच नाही. बोटानं घासून डाग काढायचा नाही. बोट खड्ड्यात शिरतं आणि पुरावा नाहीसा होतो. तेवढ्या जागी पुन्हा लांबी, पुन्हा सरफेसर, पुन्हा काळा भुरका. मधूनच डोळे मिटून पातळ सुती कापडावरून तळहात फिरवा. कापडामुळे हात अडत नाही आणि लाट जाणवते. गॅरेजमध्ये हा फेरा एकदाच होतो, झालाच तर. घरी तो वाटेल तितक्या वेळा करता येतो, आणि शेवटच्या रंगाचा सपाटपणा इथेच ठरतो.

यानंतर मी थांबायला सांगेन. टाकीला टिकाऊ रंग म्हणजे हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन), कारण साध्या स्प्रेच्या डब्यातला रंग सांडलेल्या पेट्रोलनं मऊ पडतो. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्यांना बिथरलं की पुढे अगदी थोडाही वास पुरतो. कापडी मास्क इथे काही कामाचा नाही, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. बाल्कनीत, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांसमोर हा प्रकार करू नये. चेन कव्हरची आतली बाजू, टूलबॉक्सचं पोट, स्टँड असले भाग साध्या रंगानं घरी जरूर मारा, हात बसतो. सहा-आठ इंचांवरून, पातळ थर, प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्यावर, आणि दोन थरांत दहा मिनिटं. घाई केली की ओघळ.

हवामानाचं गणित आपल्याकडे उफराटं आहे. आंतरराष्ट्रीय जावा दिन जुलैच्या दुसऱ्या रविवारी येतो, आणि त्या मेळाव्यासाठी जूनमध्ये सगळ्यांची धावपळ सुरू होते. दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारला तर थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर उतरतं आणि मरून रंगावर दुधाळ साय धरते. रिटार्डर थिनरनं थोडं सावरतं, पण कोकणातल्या जुलैपुढे तोही हात टेकतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम, दव वाळल्यावर सकाळी.

क्रोमचं काम घरी करायचंच नाही. मात्र टवके न गेलेल्या क्रोमवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून घासला की निघतो. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यानं चरे पडत नाहीत. सोनेरी रेघांना चिकटपट्टी लावू नका, चांगला हात असलेला पेंटर शोधा. आणि टाकीवर मूळ कारखान्याचा रंग सत्तर टक्के शाबूत असेल तर हा सगळा खटाटोप सोडा: कपड्यानं पुसा, हलकं पॉलिश करा, गंजाच्या जागा तेवढ्या थांबवा. मूळ रंग एकदाच मिळतो, हे मी पैजेवर सांगतो. दुर्दैवानं आपल्याकडे चकाकी नसलेल्या गाडीला अजून 'तयार' म्हणत नाहीत.

पेंटरकडे पार्ट नेताना सिलिकॉनवाल्या डॅशबोर्ड पॉलिशचा हात कशाला लागू देऊ नका. त्यानं रंगात माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात. पेंटरला स्पष्ट सांगा: लांबी झालेली आहे, घासू नका, पुसा आणि मारा. परत आलेल्या रंगाला महिनाभर वॅक्स नको, आत अडकलेला थिनर बाहेर पडू दे. गुडघ्याचे रबरही तोवर कपाटात राहिले तर बरं. आणि पहिल्यांदा पंपावर जाल तेव्हा टाकीच्या तोंडाभोवती फडकं गुंडाळा, आणि पाचशेचा आकडा पुरा करायला नोझल झटकून शेवटचे थेंब टाकीवर शिंपडणाऱ्या मुलाला आधीच सांगा, चारशे नव्वदचं पेट्रोल चालेल.