तीन हजार मिलिमीटर आणि तरीही पानगळ

घोटीच्या पुढे एका रिसॉर्टचा फलक लागतो : ‘रेनफॉरेस्टमध्ये दोन रात्री’. जुलैत तो वाचणारा हरकत घेणार नाही. वायपर थकलेले असतात, डोंगर धुक्यात गडप आणि खाचरांत भाताची आवणी जोरात. मी तो वाचला एप्रिलअखेरीस. फलकामागच्या उतारावरचा साग पार उघडा होता. ताटाएवढी पानं खाली वाळून पडलेली, पाय पडला की पापडासारखी मोडत होती. शेजारी सादड्याचं झाड, सुसरीच्या पाठीसारख्या भेगाळलेल्या सालीचं, तेही जवळजवळ बोडकं.

पाऊस कमी पडतो म्हणावं तर तसंही नाही. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. पन्नासेक किलोमीटरवरच्या इगतपुरीत तीन हजारांच्या वर. सिंगापूरची सरासरी साधारण २,१०० मिलिमीटर आहे, आणि त्या शहराच्या मधोमध, बुकिट तिमाच्या टेकडीवर, अस्सल वर्षावन उभं आहे. म्हणजे पावसात आपण सिंगापूरला मागे टाकतो, जंगलात मात्र नाही.

फरक आहे तो वेळापत्रकाचा. सिंगापुरात सर्वांत कोरडा महिना फेब्रुवारी, आणि त्यातही शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस असतो. आपल्याकडे जूनमध्ये नळ सोडल्यासारखा सुरू होतो, ऑक्टोबरात बंद. पुढचे सात-आठ महिने झाडाने काय प्यायचं? म्हणून ते पानंच टाकून देतं. पानांवाटे जाणारं पाणी तेवढंच वाचतं. पावसाळ्यात ज्या पाड्यांवर घरात ओल चढते, तिथेच मे महिन्यात टँकरची वाट बघतात, त्याचंही मूळ या वेळापत्रकात आहे.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिंपर यांनी १८९८ साली ‘रेगेनवाल्ड’ ही संकल्पना रूढ केली, तेव्हा तिच्या अटी नुसत्या पावसाच्या नव्हत्या. जंगल सदाहरित हवं, ओलाव्यावर जगणारं, किमान तीस मीटर उंच, जाडजूड वेलींनी आणि फांद्यांवर उगवणाऱ्या झाडाझुडपांनी लगडलेलं. इंग्रजीतून तो शब्द आपल्याकडे ‘वर्षावन’ होऊन आला, आणि शब्दात वर्षा दिसली म्हणून आपण बाकीच्या अटी विसरलो. जाहिरातवाल्यांचं तर त्यावर पोटच चालतं.

सह्याद्रीत दक्षिणेकडे जावं तसा कोरडा काळ आखडत जातो. केरळच्या टोकाला तो दोन-तीन महिन्यांवर येतो. महाराष्ट्रातच वर्षावनाच्या जवळचं काही बघायचं असेल तर दोडामार्ग गाठावं. तिथल्या हेवाळे-बांबर्डे भागातल्या देवराईत रानजायफळाची दलदल आहे. बारमाही पाण्यात उभी झाडं, आणि गुडघे वर काढून बसल्यासारखी चिखलातून डोकावणारी त्यांची मुळं. चिखलात हवा मिळत नाही, म्हणून श्वासासाठी ती वर येतात. दलदलीचं हे जंगल वर्षावनातलंही दुर्मीळ.

आपल्याकडे एवढं नाही, पण अगदीच काही नाही असंही नाही. ओढ्याकाठच्या घळीत उतरलं की जांभूळ, आंबा, उंबर भर उन्हाळ्यात हिरवे असतात. वनखात्याच्या भाषेत ही बरीचशी पानझडी वनं, मधूनच निमसदाहरित. रुक्ष वाटतात ही नावं, पण खरी आहेत.

त्याहून चांगलं नाव मात्र इथल्या लोकांकडे आहे. इगतपुरी-अकोल्याच्या या पावसाळी पट्ट्याला ते ‘डांगाण’ म्हणतात. इथली गुरंही डांगी. त्यांच्या कातडीला अंगचा तेलकटपणा असतो, म्हणून जुलैच्या संततधारेत ती बांधावर निवांत चरत असतात आणि पाणी पाठीवरून ओघळून जातं. गुराखी इरलं पांघरून, पाठमोरा. आणि मार्चनंतर याच गुरांसाठी पेंढ्याची उडवी उसकटावी लागते.