घटना-नोंदींवरून प्रक्रियेचे प्रतिरूप : उसाच्या खेपेच्या आधारे विवेचन

प्रस्तावना :
गळीत हंगामाच्या तोंडावर जयसिंगपुरात भरणाऱ्या ऊस परिषदेमुळे दर व बिल हे विषय या परिसरातील प्रत्येकाच्या परिचयाचे झाले आहेत. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ अन्वये ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे न दिल्यास वार्षिक १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. विलंब झाला हे बिलाच्या तारखेवरून कोणासही कळते. तो कोणत्या टप्प्यावर झाला हे मात्र कळत नाही. संगणकातील नोंदींवरून असे प्रश्न सोडविणाऱ्या शास्त्रास 'प्रोसेस मायनिंग' म्हणतात. त्यातील मूलभूत भाग, म्हणजे प्रतिरूपाचा शोध, प्रस्तुत लेखात काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट केला आहे.

शोधाची रीत :
प्रत्येक नोंदीत किमान तीन गोष्टी हव्यात : कोणती खेप, कोणते काम व केव्हा. तोडचिठ्ठी (त), भरलेल्या गाडीचे वजन (भ), रिकाम्या गाडीचे वजन (र), शेतकऱ्याच्या खात्यावर नोंद (ख), तोडणी-वाहतुकीचा हिशेब (ह) व बिल (ब) ही कामे घेऊ. समजा, काही खेपांचा क्रम त-भ-र-ख-ह-ब असा, तर काहींचा त-भ-र-ह-ख-ब असा आढळला.

अशा नोंदींतून प्रतिरूप काढण्याचा प्रयत्न राकेश अग्रवाल, गुनोपुलोस व लेमन यांनी १९९८ मध्ये मांडला. २००४ मध्ये व्हॅन डेर आल्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांचा 'अल्फा' अल्गोरिदम प्रसिद्ध झाला. त्याचे तर्कशास्त्र सोपे आहे. 'भ'च्या लगेच नंतर 'र' येतो, उलट कधीच येत नाही. म्हणून 'र' हा 'भ'वर अवलंबून. ख व ह दोन्ही क्रमांनी येतात. म्हणून ती समांतर कामे. या संबंधांवरून कार्ल आडाम पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधातून पुढे आलेले 'पेट्री नेट' रेखाटले जाते.

नोंदींतील दोष :
अल्फा वारंवारता मोजत नाही, ही त्याची मोठी उणीव होय. वीज गेल्यावर हाताने लिहिलेल्या पावत्या दुसऱ्या दिवशी संगणकात चढविताना एका खेपेचा 'र' आधी व 'भ' नंतर नोंदला गेला, तर अल्फा दोन्ही वजने समांतर ठरवितो. म्हणजे गाडी भरलेली मोजण्यापूर्वी रिकामी मोजली तरी चालेल! संगणकातील वेळ ही पुष्कळदा घटनेची नसून नोंद करण्याची असते, हे विसरता कामा नये. यावर वाइटर्स यांच्या पद्धतीत दोन्ही दिशांच्या संख्यांतील फरकास त्यांच्या बेरजेत १ मिळवून भागतात. ९९ वेळा सुलट व एकदा उलट क्रम असल्यास ९८ भागिले १०१, म्हणजे सुमारे ०.९७, येथे अवलंबन स्पष्टच आहे. पुढे २०१३ मध्ये लीमन्स व सहकाऱ्यांनी मांडलेल्या 'इंडक्टिव्ह मायनर'ने प्रतिरूप मध्येच अडकून पडणार नाही याची हमी दिली. वजनकाटा खरा की खोटा, हे मात्र यांपैकी कोणतीही पद्धत सांगू शकत नाही.

'एक प्रकरण' म्हणजे काय?
प्रस्तुत लेखकाच्या मते खरी अडचण येथे आहे. पंधरवड्यातील पाच खेपांचे बिल एकच निघते. खेप हे प्रकरण मानल्यास तेच बिल पाच वेळा मोजले जाते. बिल हे प्रकरण मानल्यास एका गाडीचे भरलेले वजन दुसऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाशेजारी येऊन क्रमच विस्कळीत होतो. एकच घटना अनेक वस्तूंशी जोडणारे नोंदींचे स्वरूप २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, ते याच कारणाने.

ही निवड केवळ तांत्रिक नव्हे. समजा, पहिली खेप १ तारखेस, शेवटची १५ तारखेस व बिल २५ तारखेस जमा झाले. शेवटच्या खेपेपासून मोजल्यास १० दिवस होतात व विलंब दिसत नाही. पहिल्या खेपेपासून मोजल्यास २४ दिवस होतात. आणि आदेशातील मुदत ऊस पोहोचल्यापासूनची आहे.