रिपोर्ट नॉर्मल, मग आईच्या छातीत का दुखतं?

अँजिओग्राफीचा रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. आठवड्याभरात जिना चढताना आईच्या छातीत पुन्हा तसंच दाटून येतं. कोणीतरी म्हणतं, 'टेन्शन घेतेस गं तू फार.' पुढच्या वेळी दुखलं तरी आई सांगतच नाही.

तुमच्या घरात असं चाललं असेल तर एक अवघड नाव लक्षात ठेवा. मायक्रोव्हॅस्क्युलर अंजायना. अँजिओग्राफीत हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्या दिसतात. त्यांना फुटणाऱ्या, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या त्यात दिसतच नाहीत. मेहनत वाढली की या बारीक वाहिन्या रुंदावायला हव्यात. त्या रुंदावल्या नाहीत, तर हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतं आणि दुखतं. बायकांना, त्यातही पाळी गेल्यावर, हा त्रास जास्त होतो. त्यामुळे 'मनाचे खेळ' हा शेरा जरा जपून मारा.

आता व्यायामाचं. छातीत दुखतंय म्हणून आईला पलंगावर बसवून ठेवावं असं वाटणं साहजिक आहे, पण इथे नेमाने चालणं हा उपचाराचाच भाग असतो. रक्ताचा वेग वाढला की वाहिनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि वाहिनी सैलावते. (हा वायू रक्तवाहिन्यांना संदेश देतो, या शोधाला 1998 चं नोबेल मिळालंय, सायन्सवाल्यांनो!) शिवाय सवय झाली की तेवढ्याच कामाला हृदयाचे ठोके कमी वाढतात. दोन ठोक्यांमधला आराम लांबतो आणि हृदयाच्या स्नायूला मुख्यतः त्या आरामातच रक्त मिळतं.

मात्र सुरुवात हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच. ते बहुधा आधी स्ट्रेस टेस्ट करतील आणि किती वेगाने चालायचं ते सांगतील. तुमच्या स्मार्टवॉचवरचं 'टार्गेट' आईला लावू नका. बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर ठोके मुळात कमीच वाढतात, मग तो आकडा गाठायच्या नादात ती नको तेवढी दमेल. त्यापेक्षा गप्पा मारा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत वेग ठीक. वाक्य तुटायला लागलं की हळू व्हा.

पहिली दहा मिनिटं अगदी रमतगमत चालायची, हे तर अजिबात टाळू नका, कारण एकदम वेग घेतला की दुखणं उठू शकतं. शेवटीही तसंच हळूहळू थांबायचं. भरल्या पोटी नको, कडाक्याच्या थंडीतल्या पहाटे नको. डॉक्टरांनी जिभेखालचा स्प्रे दिला असेल तर तो घरच्या कपाटात नाही, खिशात हवा. दुखलं की थांबा, आईला बसवा. स्प्रे मारूनही पाच मिनिटांत उतरलं नाही, किंवा दरदरून घाम आला, धाप लागली, तर 108 ला फोन करा. रिपोर्ट नॉर्मल होता म्हणून वाट बघू नका.

पहिल्या आठवड्यात सोसायटीच्या दोन फेऱ्याच होतील. नुसतं चालायची आईला सवय नसते, त्यामुळे वाटेत ती भाजीवाल्याकडे थांबेलच. थांबू द्या. फक्त पिशवी तुम्ही घ्या.