मंडईतला पाळणा कोण फिरवतो?

दिवाळीचे फटाके संपले, की सगळी मजा संपली असं वाटतं ना? नागपूर जिल्ह्यातल्या कुहीकडे मात्र खरी मजा तेव्हाच सुरू होते! गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची एका दिवसाची जत्रा.

आणि गंमत ऐक! सगळ्या गावांची मंडई एकाच दिवशी नसते. आज या गावात, उद्या शेजारच्या. म्हणजे खेळण्यांचं दुकान उद्या तिकडे, आणि पाहुणेही तिकडेच! दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं आणि नाटकं बघायला अख्खं गाव रात्रभर जागायचं.

तुझ्या आबाजींना विचार, मंडईत काय खायचे? उकडलेले शिंगाडे! हे फळ झाडावर नाही, चक्क तळ्याच्या पाण्यात वाढतं. वरून काळं, दोन्हीकडे टोकदार शिंगं. दातांनी फोडलं, की आत पांढराशुभ्र, पिठूळ गर. बोटं काळी होतात, पण हात काही थांबत नाही!

आता तो लाकडी पाळणा बघ. उंच खांबांवर एक आस, त्याच्याभोवती चार पाळणे. मोटार नाही, वीज नाही! एकच माणूस हातानं ढकलायचा आणि सगळी पोरं गरगर वर-खाली! एवढी ताकद त्याच्यात आली कुठून? ओळख बघू!

सांगू? पाळणा फिरवायला तूच मदत करतोस!

शाळेतला सी-सॉ आठव. दोन्ही टोकांना सारख्या वजनाची मुलं बसली, की पायाच्या हलक्या रेट्यानं तो वर-खाली होतो. इथंही तेच! तू खाली येताना तुझं वजन समोरच्या मुलाला वर उचलतं. मग तो खाली येताना तुला वर पाठवतो. पाळणेवाल्याला फक्त थोडा रेटा द्यायचा असतो.

पण समोरचा पाळणा रिकामा असला तर? मग तुझं सगळं वजन त्या बिचाऱ्यालाच वर चढवावं लागणार! म्हणून तर तो आधी सगळ्यांकडे निरखून बघायचा. एका दांडग्या पोरासमोर दोन चिमुकली बसवायचा. तराजू नाही, वही नाही, नुसत्या नजरेनं हिशेब! मला तर तो मोठा शास्त्रज्ञच वाटतो.

आणि पोटात गुदगुल्या का होतात? अगदी वरून खाली वळताना बैठक तुझ्याखालून जराशी निसटते. तिचा आधार कमी होतो आणि अंग एकदम हलकं वाटतं!

आबाजींना आणखी एक विचारशील? त्यांच्या समोरच्या पाळण्यात कोण बसायचं?