अलेक्झांड्रिया करावं की सोडावं?

फलटणमधलं एक ओळखीचं कुटुंब इजिप्तला निघालंय. "पिरॅमिड बघून परत येतो, अलेक्झांड्रिया सोडलं तर चालेल ना?" असं त्यांनी विचारलं. अजिबात सोडू नका!

कैरोहून रेल्वेने अडीच-तीन तास लागतात. स्टेशनबाहेर पडलं की पहिली जाणवते ती हवा. डोक्यात वाळवंट असतं आणि अंगावर भूमध्य समुद्राचं गार वारं येतं. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो, आपल्या अगदी उलट. डिसेंबर-जानेवारीत स्वेटर हवाच.

बरेच जण सात आश्चर्यांमधला दीपस्तंभ शोधतात. तो भूकंपांनी पडला. त्याच जागेवर पंधराव्या शतकात सुलतान कायतबेने किल्ला बांधला, त्यात दीपस्तंभाचे दगडही वापरले. तटावरून बंदर बघत मी कितीतरी वेळ उभा होतो.

शाकाहारी मंडळींनी 'फूल' खावं. बाकल्याचे दाणे अरुंद तोंडाच्या मोठ्या भांड्यात रात्रभर मंद आचेवर शिजतात. वर तेल, लिंबू, जिरेपूड आणि सोबत गरम रोटी. सकाळी गाड्यावर उभं राहून खाण्यात खरी मजा.

आपला संबंधही जुना आहे. पहिल्या शतकात पैठण आणि तेरचा माल भडोच बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे इजिप्तकडे जायचा. अशाच व्यापारातून आलेली, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. निघण्याआधी ती जरूर बघा.

राहणं, खाणं, प्रवास, काहीही विचारा. माहीत असेल ते नक्की सांगेन.