गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर लघवीवरील ताबा

महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या समितीने २०१९ साली बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अशा शस्त्रक्रियेनंतर काही स्त्रियांचा लघवीवरील ताबा सुटतो, ही गोष्ट मात्र सहसा घरातही बोलली जात नाही.

मूत्राशय गर्भाशयाच्या पुढे, त्याला लागूनच असते. गर्भाशय काढताना ते अलग करून खाली सारावे लागते. त्यामुळे नळी काढल्यावर काही दिवस लघवीची घाई होणे किंवा धार अडखळणे स्वाभाविक असून ते बहुधा आपोआप ओसरते. लघवी मुळीच न होता ओटीपोट फुगल्यास मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

खोकताना किंवा हंडा उचलताना थेंब गळणे हा प्रकार निराळा. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडल्याने तसे होते; बाळंतपणे व वाढते वय हीही त्याची कारणे असतात. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात, तेच आवळून सैल सोडावेत. एका वेळी आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, असा व्यायाम निदान तीन महिने केल्यास पुष्कळ स्त्रियांना गुण येतो. गळतीच्या धास्तीने पाणी पिणे तोडणे अहितकारक होय.

रात्रंदिवस, झोपेतही अंथरूण भिजत असेल, तर तो अशक्तपणा नव्हे. मूत्राशय व योनी यांमध्ये छिद्र, म्हणजे फिस्टुला, पडल्याचा संशय घ्यावा. ही गळती अनेकदा शस्त्रक्रियेनंतर एक-दोन आठवड्यांनी सुरू होते. म्हणून तिचा शस्त्रक्रियेशी असलेला संबंध ध्यानात येत नाही. तपासणी सोपी आहे. मूत्राशयात निळे पाणी भरून योनीत कापसाचे बोळे ठेवतात. बोळा निळा झाला, तर छिद्र मूत्राशयाला. नुसताच ओला झाला, तर मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळीला इजा असण्याचा संभव. छिद्र लहान व ताजे असल्यास काही आठवडे नळी ठेवून ते भरून येऊ शकते. एरवी शस्त्रक्रियेने ते बंद करतात, आणि ती बहुतेकदा यशस्वी होते.

मोठ्या रुग्णालयात याची सोय असते. बैतूल जिल्ह्यातील मराठी कुटुंबांना त्यासाठी नागपूर किंवा भोपाळ गाठावे लागते. भोपाळला बाग सेवनियालगत साकेतनगरात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. जाताना पहिल्या शस्त्रक्रियेचे सर्व कागद सोबत न्यावेत. काय काढले व कोणत्या मार्गाने काढले, हे डॉक्टरांना त्यांवरूनच कळते.