व्यापारी व्हॉट्सॲपवर 'पैसे देतो' म्हणालाय, पण तो मेसेज कोर्टात टिकायला काय लागतं?

फेब्रुवारी लागला की तासगाव तालुक्यात मणेराजुरी, सावळज भागात द्राक्ष व्यापाऱ्यांच्या गाड्या फिरायला लागतात. चार किलोच्या पेटीचा दर बागेतच ठरतो. थोडे पैसे हातात, बाकीचे 'आठ दिवसांत सोडतो'. माल निघून जातो आणि मग कधीकधी व्यापाऱ्याचा फोनही लागायचा बंद होतो. सांगली जिल्ह्यात अशा फसवणुकीच्या बातम्या जवळपास दर हंगामात येतात.

पूर्वी असा व्यवहार चिठ्ठीवर व्हायचा. आता दर व्हॉट्सॲपवर, वजनाच्या पावतीचा फोटो व्हॉट्सॲपवर आणि 'शेठ, पैसे कधी?' याला आलेलं 'सोमवारी नक्की' हे उत्तरही व्हॉट्सॲपवरच. त्यामुळं वकिलाच्या ऑफिसात शेतकरी येतो तेव्हा त्याच्याकडं करारनामा नसतो, फोन असतो.

मग होतं काय, तर स्क्रीनशॉट काढले जातात, शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडं प्रिंट मारली जाते आणि ती दाव्याला जोडली जाते. समोरचा वकील उभा राहून एवढंच म्हणतो, "हे चॅट आमचं नाही." खोटं चॅट बनवून देणारी ॲप फुकटात मिळतात, त्यामुळं नुसत्या प्रिंटच्या जोरावर त्याला उत्तर देणं अवघड जातं.

या विषयावरचा सर्वोच्च न्यायालयाचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याच्या भांडणातून आलाय. 2014 च्या विधानसभेला अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांना 296 मतांनी हरवलं. खोतकरांचा उमेदवारी अर्ज मुदत संपल्यावर घेतला, असा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. पण त्या रेकॉर्डिंगच्या सीडीसोबत कायद्यानं लागणारं प्रमाणपत्र नव्हतं. 14 जुलै 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर हे प्रमाणपत्र बंधनकारक आहे. मग गोरंट्याल हरले का? नाही. त्यांच्या बाजूनं प्रमाणपत्रासाठी अधिकाऱ्यांकडं वारंवार मागणी केली होती आणि अधिकाऱ्यांनीच ते दिलं नव्हतं, म्हणून त्यांना सूट मिळाली. पण आपल्या शेतकऱ्याचा फोन त्याच्याच खिशात आहे. त्याला ही सबब कशी चालणार?

याच निकालात आणखी एक वाट सांगितली होती. मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं आणि त्याच्या मालकानं साक्षीत ते शाबीत केलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण रोजचा फोन कोर्टाच्या ताब्यात कोण ठेवणार? म्हणून बहुतेकांची गाडी प्रमाणपत्रावरच येते.

हे सगळं जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65-ब खाली होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि आता कलम 63 लागतं. प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच दिलाय. त्याचे दोन भाग आहेत. भाग 'अ' पक्षकारानं भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञानं. फोनचा मेक, मॉडेल, रंग, सिरियल नंबर, आयएमईआय हे सगळं लिहायचं आणि दोन्ही भागांत एक गोष्ट भरायची, ती म्हणजे हॅश व्हॅल्यू.

या शब्दाला घाबरायचं कारण नाही. पंचनाम्यात जप्त केलेल्या वस्तूच्या पुडीवर लाखेचं सील मारतात, तसलाच हा प्रकार. कॉम्प्युटर एखादी फाइल वाचून तिच्यापासून अक्षरं आणि अंकांची एक माळ तयार करतो. एसएचए-256 या पद्धतीत ती 64 अक्षरांची असते. फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी माळ पूर्ण वेगळी येते. फाइल पेनड्राइव्हवर जशीच्या तशी कॉपी केली तर मात्र तीच राहते. नमुन्यात एसएचए-1 आणि एमडी-5 चे पर्यायही आहेत, पण त्या पद्धती आता कच्च्या मानल्या जातात. तेव्हा एसएचए-256 च घ्यावी.

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागतं असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये 'सर्टयुटिल' नावाची सोय आधीपासूनच असते, तिला फाइल दाखवली की हॅश मिळतो. काम दोन मिनिटांचं आहे.

पण एक ध्यानात ठेवा. हॅश फक्त एवढंच सांगतो की अमुक दिवशी घेतलेली फाइल त्यानंतर बदललेली नाही. त्याआधी कुणी त्यात हात घातला होता का, हे तो सांगत नाही. म्हणून मूळ फोन जपून ठेवणं सुटत नाही. उलटतपासात पहिला प्रश्न त्याच्यावरच येणार.

आता लहान ऑफिसात हमखास होणारी चूक. पक्षकार पावतीचा फोटो वकिलाला व्हॉट्सॲपवर टाकतो आणि ऑफिस तीच फाइल वापरतं. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप त्याला दाबून छोटा करतं. म्हणजे वकिलाकडं आलेली फाइल आणि पक्षकाराच्या फोनमधली फाइल वेगळी, हॅशही वेगळा. फोन ऑफिसात आणून केबलनं फाइल घ्यावी. तेही जमत नसेल तर निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं.

दुसरी गोष्ट नंबरची. चॅट 'एक्स्पोर्ट' केलं की फाइलमध्ये नंबर येत नाही, फोनमध्ये सेव्ह केलेलं नाव येतं. 'द्राक्ष शेठ' म्हणजे कोण, हे न्यायाधीशांना कसं कळणार? म्हणून त्या कॉन्टॅक्टचा नंबर दिसेल असा स्क्रीनशॉटही सोबत घ्यावा आणि त्याचाही हॅश काढावा.

सही कुणाची हाही प्रश्न येतो. बाग वडिलांच्या नावावर, पण व्यापाऱ्याशी चॅट पोराच्या फोनवरून, हे घरोघरी आहे. भाग 'अ' वर सही फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याची, म्हणजे पोराची. साक्षीलाही त्यालाच उभं राहावं लागणार, हे दावा लावायच्या आधीच घरात बोलून घेतलेलं बरं.

खरी अडचण भाग 'ब' ची आहे. तज्ज्ञ म्हणजे नेमकं कोण, याची व्याख्या कलम 63 मध्ये नाही. तालुक्याच्या गावात असा माणूस कुठून आणायचा आणि पन्नास-साठ हजारांच्या दाव्यात त्याची फी कुणी भरायची? आमच्या मते कायदा करताना लहान पक्षकाराचा विचार इथं कमी पडलाय. त्यात प्रत्येक वेळी नोंद दाखल करताना प्रमाणपत्र जोडायचंय. म्हणजे फौजदारी खटल्यात एकदा दिलं म्हणून दिवाणी दाव्यात भागत नाही. दिलासा एवढाच की 2020 च्या निकालानुसार खटला संपायच्या आत प्रमाणपत्र नंतरही घ्यायला कोर्ट परवानगी देऊ शकतं.

विकलेल्या मालाच्या पैशासाठी दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. तीन वर्षांत फोन पाण्यात पडतो, बदलला जातो, एक्स्चेंजला जातो. समोरचा माणूस पाठवलेला मेसेज साधारण अडीच दिवसांपर्यंत दोन्हीकडून उडवू शकतो. आणि चॅटमध्ये 'डिसअपिअरिंग मेसेज' चालू असेल तर 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांत ते आपोआप जातात. ही सेटिंग समोरचाही चालू करू शकतो, म्हणून गाडी बागेतून बाहेर पडायच्या आधी ती एकदा उघडून बघा.